रेंजरची फेररचना: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळचे बहुतेक प्रश्न डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावरच्या भूमिका-खेळातल्या रेंजरबद्दल, म्हणजे रानात वावरणाऱ्या लढवय्याच्या क्लासबद्दल आहेत. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतल्या या क्लासची विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने २०२० मध्ये ‘टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’ या पुस्तकात डागडुजी केली, २०२४ च्या प्लेअर्स हँडबुकात तो पुन्हा लिहिला, तरी टेबलावरची कुरकुर थांबलेली नाही. उत्तरांतले आकडे मूळ नियमांतले आहेत. जिथे नियम आमचा आहे तिथे तसं म्हटलं आहे.

आमच्याकडे २०१४ चे नियम चालतात. रेंजर घेतलेला खेळाडू तिसऱ्या-चौथ्या सेशनला दुसरं कॅरेक्टर मागतो. लढाईत तो मागे पडत नाही. मग बिघाड कुठे आहे? आणि डीएम (खेळ चालवणारा) म्हणून बदल करायला कुठून घेऊ? (पुणे)

लढाईत बिघाड नाही, हे तुम्ही बरोबर हेरलं आहे. बिघाड पहिल्या लेव्हलच्या दोन फीचर्समध्ये आहे: फेव्हर्ड एनिमी आणि नॅचरल एक्सप्लोरर.

नॅचरल एक्सप्लोररमध्ये खेळाडू आठ भूप्रदेशांपैकी एक निवडतो. मोहीम त्या प्रदेशात गेलीच नाही, तर फीचर कागदावरच राहतं. गेली, तर त्याहून वाईट होतं: गट वाट चुकत नाही, अवघड जमिनीने वेग कमी होत नाही, अन्न दुप्पट मिळतं. म्हणजे रानातला प्रसंग सुरू व्हायच्या आधीच संपतो. डीएम म्हणतो, ‘बरं, तुम्ही पोहोचलात,’ आणि ज्या खेळाडूने रानासाठी हा क्लास घेतला, त्याच्याच वाट्याला रान येत नाही. फायटर क्लासला ‘तुझ्या आवडीच्या शत्रूशी लढाईच होणार नाही, तू आपोआप जिंकलास’ असं कोणी देत नाही. रेंजरला नेमकं तेच दिलं आहे.

फेव्हर्ड एनिमीचं दुखणं वेगळं आहे. १९७८ च्या अॅडव्हान्स्ड आवृत्तीत रेंजरला ‘जायंट क्लास’ शत्रूंवर दर लेव्हलमागे १ जादा डॅमेज मिळायचं, आणि त्या यादीत ऑर्क, गॉब्लिन, हॉबगॉब्लिन, कोबोल्ड, नोल, ओगर, ट्रोल असे रोज भेटणारे सगळे होते. खेळाडूला अंदाज बांधावा लागत नव्हता. २०१४ मध्ये शत्रूचा एकच प्रकार आधी निवडायचा, डॅमेज काहीच नाही, फक्त एक भाषा, आणि माग काढताना व माहिती आठवताना अॅडव्हान्टेज, म्हणजे दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा. ड्रॅगन निवडलेल्या खेळाडूला पहिला ड्रॅगन आठव्या लेव्हलला भेटला, तर तोवर फीचर निजलेलंच.

अख्खा क्लास नव्याने लिहू नका. हिट डाय, स्पेल स्लॉट, पाचव्या लेव्हलचा जादा हल्ला, सबक्लास जसेच्या तसे ठेवा. फक्त ही दोन फीचर्स काढा आणि त्यांच्या जागी पुढचं बसवा. हे आमचे नियम आहेत.

पहिलं फीचर, ‘वाटाड्या’. रेंजरला एका कौशल्यात एक्सपर्टाइज द्या, म्हणजे प्रोफिशियन्सी बोनस (लेव्हलप्रमाणे वाढणारा कसबाचा आकडा) दुप्पट. सर्व्हायव्हलच असायला हवं असं नाही. शिवाय दर लाँग रेस्टला (रात्रभराच्या विश्रांतीला) प्रोफिशियन्सी बोनसइतके ‘माग’ मिळतील: पहिल्या लेव्हलला २, पाचव्याला ३, नवव्याला ४, तेराव्याला ५, सतराव्याला ६. एक माग खर्चून चारपैकी एक गोष्ट करता येते.

रान वाचणे: रेंजर दहा मिनिटं जागा पाहतो आणि डीएमला दोन प्रश्न विचारतो. शेवटचं कोण गेलं? किती जण? घाईत होते की सावकाश? कोणी जखमी होतं का? उत्तरं खरी द्यायची.

वाट काढणे: ठरलेल्या मुक्कामाला डीएम दुसरी वाट देतो. तिच्यात वेळ, धोका आणि लपून जाता येणं या तिन्हींपैकी एक गोष्ट पहिल्या वाटेपेक्षा चांगली आणि एक वाईट असली पाहिजे. निवड गटाने करायची.

जागा धरणे: इनिशिएटिव्हचे (लढाईतल्या पाळीच्या क्रमाचे) फासे पडण्याआधी ६० फुटांच्या आत १० फूट चौरसाचा एक तुकडा दाखवायचा. तिथे एक तर आपल्या लोकांना अर्धी आड मिळते, म्हणजे आर्मर क्लास (हल्ला लागायला गाठायचा आकडा) २ ने वाढतो, किंवा शत्रूला ती जमीन अवघड ठरते.

सोबत सांभाळणे: थंडी, उपास किंवा सक्तीची चाल यांमुळे करायच्या सेव्हला (संकट टाळायच्या फाशाला) सोबत्याला एकदा फासा पुन्हा टाकू द्यायचा.

दुसरं फीचर, ‘ओळखीचा शत्रू’. आधी निवडायचा नाही, खेळता खेळता कमवायचा. एखाद्या प्राण्याचं प्रेत, बीळ, गुहा किंवा ताजा माग एक तास तपासला की तो प्राणी ओळखीचा होतो. एकावेळी प्रोफिशियन्सी बोनसइतकेच प्राणी लक्षात राहतात. नवा आला की सर्वांत जुना जातो. ओळखीच्या प्राण्याबद्दल लढाईत एकदा, अॅक्शन न खर्चता, एक गोष्ट विचारता येते: कशाने जास्त दुखतं, कशाने दुखत नाही, कोणता सेव्ह सर्वांत कच्चा आहे, अंधारात दिसतं का.

आता यात काय फसतं ते. खेळाडू माग साठवून ठेवतात आणि दिवस संपतो, म्हणून शॉर्ट रेस्टला (तासाभराच्या विश्रांतीला) खर्चलेल्यांपैकी एक माग परत द्या. हा बदल लहान असला तरी वापर लगेच वाढतो. दुसरी अडचण डीएमची: अचानक आलेल्या प्रश्नाला उत्तर सुचत नाही. प्रत्येक ठिकाणासाठी तयारीच्या वहीत तीन ओळी लिहून ठेवा: कोण येऊन गेलं, त्यांना काय हवं होतं, पाणी कुठे आहे. बहुतेक प्रश्न यात बसतात. तिसरी चूक सर्वांत घातक. पुढचं रहस्य फुटेल या भीतीने डीएम गुळमुळीत उत्तर देतो. ‘काही ठसे आहेत, नीट कळत नाहीत’ हे उत्तर माग खर्चून विकत घेतलेलं असेल, तर खेळाडू तो पुन्हा कधी खर्चणार नाही. रहस्य फुटू द्या. ठशांवरून टोळीत बारा जण आहेत हे कळलं, तर गट पुढे काय करेल ते ठरवायला बसतो, आणि खेळ तिथेच होतो.

शहरातल्या सेशनला काय, असा प्रश्न येईल. वरच्या चारही गोष्टींना भूप्रदेशाची अट नाही. बंदरातल्या चिखलात, कोठाराच्या धुळीत, छपरांच्या कौलांवरही माग निघतो.

आम्ही २०२४ च्या नियमांवर आलो. तिथे सगळं हंटर्स मार्क या, शत्रूवर खूण करून जादा डॅमेज देणाऱ्या स्पेलभोवती फिरतं. ते फुकट मिळतं, तरी खेळाडूला बांधल्यासारखं वाटतं. मार्कवरचं कॉन्सन्ट्रेशन (अशी एकावेळी एकच स्पेल टिकते, आणि मार बसला की तुटू शकते, ही अट) काढून टाकलं तर क्लास फार भारी होईल का? (ठाणे)

सरसकट काढलंत तर होईल. पण काढायला हवंच, हेही तितकंच खरं.

आधी आकडे पाहू. पाचवी लेव्हल, डेक्स्टेरिटी १८, लाँगबो आणि आर्चरी स्टाइल. हल्ल्याचा बोनस +९. समोर आर्मर क्लास १५ असेल तर फाशावर ६ पुरतात, म्हणजे ७५ टक्के बाण लागतात. एका बाणाचं सरासरी डॅमेज ८.५, दोन बाणांचं मिळून राउंडला १२.७५. हंटर्स मार्कचा १डी६ (सहा बाजूंचा एक फासा) प्रत्येक फटक्याला जोडला तर आणखी ५.२५, एकूण १८. क्रिटिकल यात धरलेले नाहीत. म्हणजे पाचव्या लेव्हलला राउंडच्या डॅमेजचा जवळपास तिसरा हिस्सा या एका स्पेलवर टांगलेला असतो.

आणि ते स्पेल टिकत नाही. रेंजरला कॉन्स्टिट्यूशन सेव्हची प्रोफिशियन्सी नाही. कॉन्स्टिट्यूशन १४ असेल तर १० चा सेव्ह ६५ टक्के वेळा जमतो. लागोपाठ तीन फटके बसले तर मार्क टिकण्याची शक्यता २७ टक्क्यांवर येते. लांबून बाण मारणाऱ्याला हे फारसं जाणवत नाही. दोन तलवारी घेऊन पुढे उभा राहणारा मात्र लढाईगणिक मार्क गमावतो. डॅमेजने मार्क न तुटण्याची सोय २०२४ च्या नियमांत तेराव्या लेव्हलला येते, आणि बहुतेक मोहिमा तिथवर पोहोचत नाहीत.

बांधल्यासारखं वाटतं त्याचं कारण याहून खोल आहे. स्पाइक ग्रोथ, पास विदाउट ट्रेस, एन्स्नेअरिंग स्ट्राइक, फॉग क्लाउड, सायलेन्स, कॉन्ज्युअर अॅनिमल्स ही सगळी कॉन्सन्ट्रेशनची स्पेल्स आहेत. रेंजरला रेंजर करणारी स्पेल्स वापरायची तर मार्क सोडावा लागतो, आणि मार्क सोडला तर मार्कवर बांधलेली फीचर्स बंद पडतात. क्लास स्वतःशीच भांडतो आहे.

आमचा उपाय असा. मार्क हे स्पेल न ठेवता क्लासचं फीचर करा. कॉन्सन्ट्रेशन नाही, पण जादा डॅमेज टर्नमध्ये एकदाच, पहिल्या फटक्याला. फासा रेंजर लेव्हलप्रमाणे वाढेल: पहिल्या लेव्हलला डी६, पाचव्याला डी८, अकराव्याला डी१०. लावायला आणि हलवायला बोनस अॅक्शन लागेल, जसं आज आहे. वापर प्रोफिशियन्सी बोनसइतके.

याचं गणित: वरच्याच उदाहरणात दोनपैकी किमान एक बाण लागण्याची शक्यता ९३.७५ टक्के. डी८ ची सरासरी ४.५, म्हणजे राउंडला ४.२२. जुन्या ५.२५ पेक्षा एकाने कमी. हा एक पॉइंट देऊन कॉन्सन्ट्रेशन मोकळं होतं, आणि तो सौदा फायद्याचा आहे. दोन तलवारींचा रेंजर घ्या: तीन हल्ले, बोनस +७, ६५ टक्के. जुन्या पद्धतीने मार्क त्याला ६.८३ द्यायचा, नव्या पद्धतीने ४.३१ देतो. म्हणजे बाण आणि तलवार यांना मार्क जवळपास सारखाच मिळतो, आणि जादा हल्ले गोळा करण्याची हाव संपते. तीन हल्ल्यांची गैरसोय वाटली तर लक्षात घ्या, त्या खेळाडूला प्रत्येक राउंडला मार्क लागण्याची हमी जवळपास ९६ टक्के आहे आणि मार खाऊन तो तुटत नाही.

दोन कुंपणं घालाच. फासा एकूण लेव्हलवर न चढता रेंजर लेव्हलवरच चढला पाहिजे, नाहीतर प्रत्येक फायटर एक लेव्हल रेंजरची घेऊन जाईल. आणि वॉरलॉकच्या हेक्ससोबत (तेही जादा डॅमेज देणारं स्पेल आहे) एकाच शत्रूवर मार्क चालणार नाही, असं स्पष्ट लिहा. अकराव्या लेव्हलला एकावेळी दोन शत्रूंवर मार्क ठेवू द्या. त्या लेव्हलला फायटरला तिसरा हल्ला मिळतो आणि रेंजरच्या मूळ क्लासमध्ये त्याच्या तोडीचं काही नाही, ती पोकळी यातून बऱ्यापैकी भरते.

अन्न, पाणी, अंतर यांचा हिशेब ठेवला तर खेळाडू कंटाळतात, नाही ठेवला तर रेंजर बेकार होतो. मधली वाट आहे का? (नाशिक)

आहे, पण त्यासाठी अन्नाचा हिशेब हा दबाव म्हणून सोडून द्यावा लागेल. नियमांनीच तो मारून टाकला आहे. २०१४ च्या नियमांत माणसाला दिवसाला एक पौंड अन्न लागतं. अन्न शोधण्याचा चेक (फाशावर गाठायचा आकडा) भरपूर असलेल्या भागात १०, बेताच्या भागात १५, उजाड भागात २०. यश आलं की १डी६ अधिक विस्डमचा बोनस इतके पौंड. विस्डम १४ असलेला रेंजर सरासरी साडेपाच पौंड आणतो, म्हणजे एका यशात पाच जणांचा गट जेवतो. आउटलँडर ही बॅकग्राउंड घेतलेलं कॅरेक्टर फासा न टाकताच स्वतःला आणि आणखी पाच जणांना पुरवतं. गुडबेरी हे पहिल्या लेव्हलचं स्पेल दहा फळं देतं, आणि एक फळ एकाला दिवसभर पुरतं. इतकं सगळं बंद करत बसण्यापेक्षा मान्य करा की गट उपाशी मरणार नाही.

मग दबाव कशाचा? वेळेचा आणि लक्षाचा. चालताना वाट शोधणे, नकाशा काढणे, माग काढणे, अन्न गोळा करणे यांपैकी काही करणाऱ्याचं लक्ष धोक्याकडे नसतं, त्याचं पॅसिव्ह पर्सेप्शन (फासा न टाकता धरायची सावधगिरी) धरायचं नाही, असा नियम हँडबुकात आधीच आहे. बहुतेक टेबलं तो विसरतात. तो बाहेर काढा.

दिवसाचे तीन टप्पे करा: सकाळ, दुपार, संध्याकाळ. प्रत्येक टप्प्याला प्रत्येक कॅरेक्टरने एक काम सांगायचं: वाट, पहारा, माग, अन्न, नकाशा किंवा जखमीची देखभाल. रेंजर एका टप्प्यात दोन कामं करू शकतो, बाकीचे एकच. एवढ्या एका ओळीने रेंजर आपोआप प्रवासाचा म्होरक्या होतो, आणि प्रसंग पुसला जात नाही. चारांच्या गटात पाच कामं होतात आणि सहावं नेहमी उरतं; काय सोडायचं यावर गट बोलायला लागतो. वेग जुनाच ठेवा: सावकाश १८ मैल, साधारण २४, जलद ३०. जलद चालीत अन्न शोधता येत नाही आणि पॅसिव्ह पर्सेप्शन ५ ने घटतं. पाच दिवसांत पोहोचायचं, अंतर १३५ मैल, साधारण चालीने १२० च होतात. अशी एकच तंगी ठेवली तरी पुरे. एका टप्प्याला टेबलावरची पाच मिनिटं धरा. त्याहून जास्त लागली तर दिवसाचे दोनच टप्पे करा.

गुडबेरीबद्दल आणखी एक. स्पेल पोषणाबद्दल बोलतं, पाण्याबद्दल काही म्हणत नाही. वाळवंटातल्या मोहिमेत एवढा फरक पुरतो. उष्ण हवेत पाण्याची गरज दिवसाला दोन गॅलनवर जाते.

बीस्ट मास्टर या प्राणी सोबत ठेवणाऱ्या सबक्लासचा लांडगा प्रत्येक वेळी मरतो. (सोलापूर)

मरणारच. २०१४ च्या नियमांत लांडग्याचे हिट पॉइंट ११, किंवा रेंजर लेव्हलच्या चौपट, यांतले जास्त असतील ते. तिसऱ्या लेव्हलला १२. ओगरच्या एका फटक्याची सरासरी १३ आहे. त्यात लांडग्याला हल्ला करायला सांगायचं तर रेंजरची स्वतःची अॅक्शन जाते.

टाशाच्या पुस्तकातला ‘बीस्ट ऑफ द लँड’ घ्या, स्वतः काही लिहू नका. हिट पॉइंट ५ अधिक लेव्हलच्या पाचपट, म्हणजे तिसऱ्या लेव्हलला २०. आर्मर क्लास १३ अधिक प्रोफिशियन्सी बोनस. हुकूम बोनस अॅक्शनने. मेला तर तासाभराच्या आत स्पर्श करून एक स्पेल स्लॉट खर्चला की तो मिनिटभराने उठतो. खेळाडूला लांडगाच हवा असेल तर वर्णन लांडग्याचं ठेवा, आकडे बदलू नका. एक अडचण उरते: बोनस अॅक्शन मार्कलाही लागते आणि प्राण्यालाही. बीस्ट मास्टरसाठी, मार्क लावण्याच्या त्याच बोनस अॅक्शनमध्ये प्राण्याला त्या शत्रूवर सोडता येईल, अशी सवलत द्या. इतर सबक्लासला देऊ नका.

जादू नसलेला रेंजर हवा आहे. फक्त स्पेल्स काढली तर चालेल? बदल्यात किती द्यायचं? (न्यू जर्सी)

नुसती काढून चालणार नाही. पाचव्या लेव्हलच्या रेंजरकडे पहिल्या पातळीचे ४ आणि दुसऱ्या पातळीचे २ स्लॉट असतात. ते नेलेत तर त्याच्याकडे फायटरपेक्षा कमी उरतं.

तुमची मागणी जुनीच आहे. १९७५ मध्ये ‘द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’च्या दुसऱ्या अंकात जो फिशर यांचा रेंजर पहिल्यांदा छापला गेला. १९७८ च्या हँडबुकात त्याला ड्रुइड स्पेल्स आठव्या लेव्हलला आणि मॅजिक-यूझर स्पेल्स नवव्याला मिळायची, म्हणजे मोहिमेचा मोठा भाग तो जादूशिवायच चालायचा. तिसऱ्या आवृत्तीत स्पेल्स चौथ्या लेव्हलवर आली, २००८ च्या चौथ्या आवृत्तीत ती पूर्ण गेली, २०१४ मध्ये दुसऱ्या लेव्हलवर आणि २०२४ मध्ये पहिल्यावर. कंपनीने २०१५ मध्ये जादूविना रेंजरचा एक प्रयोगही प्रसिद्ध केला होता. त्यातली दिशा बरोबर होती: स्लॉटच्या बदल्यात फायटरच्या बॅटल मास्टर या सबक्लाससारखे फासे आणि औषधी लेप.

आम्ही सुचवतो ते प्रमाण: दुसऱ्या लेव्हलला ३ फासे, डी८, शॉर्ट रेस्टला परत. पाचव्याला ४, नवव्याला ५, तेराव्याला ६. बॅटल मास्टरच्या यादीतून तीन डावपेच. ट्रिप अटॅक, प्रिसिजन अटॅक आणि अॅम्बुश यांपासून सुरुवात करा. लेप: एक तास खर्चून विस्डम बोनसइतके बनवायचे, २४ तास टिकतात, लावायला अॅक्शन लागते, १डी८ अधिक रेंजर लेव्हल इतके हिट पॉइंट भरतात. एका माणसाला लाँग रेस्टपर्यंत एकच. ही अट सोडलीत तर लेप बरे करणाऱ्या पोशनला मागे टाकतात आणि क्लेरिकचं काम संपतं.

फसतं ते इथे: पास विदाउट ट्रेस गेलं की अख्ख्या गटाच्या स्टेल्थचा +१० जातो, आणि हे चौथ्या-पाचव्या सेशनला कळतं. म्हणून पाचव्या लेव्हलला एक नियम जोडा: एक फासा खर्चून, पुढचा तासभर गटातल्या प्रत्येकाने स्टेल्थच्या चेकमध्ये त्या फाशावर आलेला आकडा मिळवायचा. +१० इतकं होत नाही, आणि तसं होऊही नये.

आमची मोहीम पावसाळ्यातल्या सह्याद्रीसारख्या मुलखात आहे. पुस्तकातलं जंगल आणि डोंगर पुरत नाही. चेकचे आकडे कसे ठरवू? (सातारा)

‘डोंगर’ असं एकच नाव ठेवलं की सगळी जमीन सारखी होते. आपल्याकडे शब्द आहेत, तेच वापरा: सडा, धार, सोंड, नाळ, खिंड, घळ, देवराई. प्रत्येकाचं वागणं वेगळं लिहा.

माग काढण्याचे पुस्तकातले आकडे असे: मऊ जमीन १०, माती किंवा गवत १५, उघडा दगड २०, दर दिवसामागे ५ वाढवायचे, रक्तासारखी स्पष्ट खूण असेल तर ५ कमी. सड्यावरचा कातळ २०. पण कातळावरच्या खळग्यात साचलेल्या चिखलात ठसा उत्तम उमटतो, तिथे १०. म्हणजे सड्यावर रेंजर सलग माग काढत नाही, एका खळग्यावरून दुसऱ्या खळग्याचा अंदाज घेतो. दोन खळग्यांमध्ये एक चेक चुकला तर दिशा चुकते. मुसळधार पावसात दिवसामागे ५ हे फार सौम्य होतं. आमच्या मते उघड्यावर तासामागे ५ वाढवा, आणि देवराईच्या दाट छताखाली किंवा कड्याच्या कपारीत वाढवू नका. मग रेंजर आडोशाच्या जागा शोधत जाईल. प्राण्यांच्या ठशांत एक खरा फरक वापरा: वाघ-बिबट्याच्या ठशात नखं सहसा उमटत नाहीत, कुत्रा आणि तरस यांच्या ठशात उमटतात.

वाट चुकण्याचा आकडा पुस्तकात डोंगर-जंगलात १५ आहे. धुक्यात सड्यावर तो २० करा, कारण सपाट सडा कुठे संपतो ते दिसत नाही. नाळेत मात्र वाट चुकतच नाही, ती खालीच जाते. तिथे धोका वरून येणाऱ्या पाण्याचा आणि दगडांचा. धारेवर वाट सोपी, पण गट मैलभरावरून दिसतो. वर सांगितलेलं ‘वाट काढणे’ इथे फार छान चालतं: नाळेने उतराल तर अर्धा दिवस वाचतो आणि पाण्याचा लोंढा गाठू शकतो, सोंडेने उतराल तर सुरक्षित, पण खालच्या पहाऱ्याला दिसाल.

अन्न आणि पाणी वेगळं करा. पावसात पाण्याला चेक नको, अन्नाला १५. रानभाज्या पुष्कळ, पण ओळखायला हव्यात: शेवळं नीट शिजवली नाहीत, काकडं घातली नाहीत, तर घसा खाजतो. चेक ५ किंवा त्याहून जास्तने चुकला तर खाणाऱ्याला पुढचे चार तास बोलून करायच्या स्पेल्ससाठी १० चा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह लावा. विझार्ड त्या भाजीची आठवण ठेवेल. उन्हाळ्यात उलट करा: करवंदं-जांभळांमुळे अन्नाला १०, पाण्याला २०, आणि गडावरची टाकी नकाशावर आधीच दाखवा. मोहीम टाक्यांच्या साखळीने पुढे सरकेल.

विसाव्या लेव्हलचं फीचर काय ठेवावं? (गोवा)

२०२४ मध्ये तिथे मार्कचा डी६ जाऊन डी१० येतो, म्हणजे फटक्यामागे सरासरी २ पॉइंट वाढतात. विसाव्या लेव्हलला हे काहीच नाही. आमच्या रचनेत मार्क दोन शत्रूंवर असतो. विसाव्याला मार्क असलेला शत्रू त्याच जगात कुठेही असला तरी त्याची दिशा आणि अंतर कळू द्या, आणि मार्क वेळेने संपू देऊ नका. मोहीम विसाव्यापर्यंत जाणार नसेल तर यावर वेळ घालवू नका. पहिल्या पाच लेव्हल नीट करा.

आमचा रेंजर तयार आहे. तो तपासायचा कसा, आणि पीडीएफ करून विकता येईल का? (नागपूर)

तपासताना एकच लढाई तीन लेव्हलला चालवा: पहिली, पाचवी, अकरावी. प्रत्येक वेळी एकदा जुना रेंजर, एकदा नवा, शत्रू तेच. राउंडमागे डॅमेज, तुटलेली कॉन्सन्ट्रेशन्स आणि वाया गेलेल्या बोनस अॅक्शन लिहून ठेवा. चार राउंडांच्या आत संपणारी लढाई यासाठी निरुपयोगी आहे. मार्क लावण्यातच पहिल्या राउंडची बोनस अॅक्शन जाते आणि आकडे फसवतात. प्रवासासाठी वेगळी चाचणी हवी: तीन दिवसांची वाट, एकच खरा धोका, आणि रेंजर सोडून इतर खेळाडू किती वेळा बोलले याची मोजणी. फक्त रेंजर बोलत असेल तर ‘वाटाड्या’ फार जड झाला आहे. मागांची संख्या एकने कमी करा. ही चाचणी क्लास न लिहिलेल्या माणसाने डीएम म्हणून चालवावी. नियमांतली कोणती ओळ त्याने तुम्हाला विचारली, ती ओळ पुन्हा लिहा.

विकण्याबद्दल: पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमसंच, एसआरडी ५.१, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स अॅट्रिब्यूशन ४.० परवान्याखाली आहे. त्यात रेंजर क्लास आणि हंटर सबक्लास आहे, म्हणून त्यावर आधारलेलं काम विकता येतं. परवान्यात दिलेली श्रेयाची ओळ शब्दशः छापायची. २०२४ च्या नियमांचा संच, एसआरडी ५.२, २०२५ मध्ये त्याच परवान्याखाली आला. टाशाच्या पुस्तकातला बीस्ट ऑफ द लँड एसआरडी ५.१ मध्ये नाही. त्याचे आकडे घरच्या टेबलावर खुशाल वापरा, विकायच्या पीडीएफमध्ये मात्र सोबतीचा प्राणी स्वतः बांधा, आणि मुखपृष्ठावर कंपनीचा लोगो किंवा ट्रेडमार्क टाकू नका. ‘पाचव्या आवृत्तीशी सुसंगत’ एवढं लिहिलं तरी ग्राहकाला कळतं.